स्टुडिओ तुमचा, बीट तुमचा, गाणं कुणाचं?

पत्र असं आहे:

"ताई, मी मूळचा सांगलीचा. कॉलेजात असताना गणपतीत ऑर्केस्ट्रामध्ये की-बोर्ड वाजवायचो. सध्या नोकरीनिमित्त नैरोबीत आहे. दिवसा सॉफ्टवेअरचं काम करतो आणि संध्याकाळी न्गारा भागात भाड्याच्या खोलीत थाटलेला छोटा स्टुडिओ चालवतो. कायोलेहून येणाऱ्या एका बावीस वर्षांच्या मुलाचं गाणं आम्ही केलं. शब्द आणि चाल त्याची, शेंग बोलीत, म्हणजे इथल्या तरुणांच्या स्वाहिली-इंग्रजी मिश्र बोलीत. बीट, म्हणजे ठेका आणि मागचं संगीत, माझा. मधला गिटारचा तुकडा मी बेंगाच्या, म्हणजे इथल्या गिटारप्रधान संगीताच्या, एका जुन्या रेकॉर्डवरून उचललाय, चार-पाच सेकंदांचा. हुक, म्हणजे परत परत येणारा लक्षात राहणारा तुकडा, त्याच्या मावसबहिणीने सहज गुणगुणला, तो तसाच ठेवला. मी एक शिलिंगही घेतला नाही. गाणं टिकटॉकवर चाललं, मटाटूंमध्ये, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसमध्ये, वाजायला लागलं. आता कुणीतरी तेच गाणं आपल्या नावाने चढवलंय आणि आमच्याच यूट्यूब व्हिडिओवर त्याचा दावा लागलाय. शिवाय कॉलर ट्यून पुरवणारी एक मध्यस्थ कंपनी त्या मुलाला रोख पैसे द्यायला तयार आहे. अट एकच: सगळे हक्क, कायमचे, जगभरासाठी. त्याला सहीची घाई झालीय. म्हणतो, गाणं पसरू दे, पैसे शोमधून येतात. मला वाटतं की गाण्यावर निम्मा हक्क माझा आहे. तो कागदावर कसा आणू? आणि खरं सांगू का, या लोकांची मानसिकताच तशी आहे. कॉपीराइट, करार काही समजून घ्यायचं नसतं. तंत्रज्ञान आलं, डोकी तीच राहिली."

सप्रेम नमस्कार.

आधी तातडीचं. त्या मुलाला फोन करा आणि सांगा, हा कागद वाचून होईपर्यंत सही करू नकोस. रक्कम कितीही असो. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रात काही प्रश्न आहेत आणि एक शेरा आहे. मी शेऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो डोक्यात ठेवून तुम्ही करार लिहायला बसलात तर तो करार वाकडाच होणार.

"गाणं पसरू दे, पैसे शोमधून येतात" हे वाक्य तुम्हाला अडाणीपणाचं वाटलं. मला त्यात पक्का हिशेब दिसतो. तो कुठून आला ते पाहायचं तर लागोसला जावं लागेल. नायजेरियात १९७० च्या दशकात परदेशी कंपन्यांना मालकी स्थानिकांकडे सोपवायला लावणारे कायदे झाले, पुढे अर्थव्यवस्था घसरली आणि नव्वदीपर्यंत बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी तिथून काढता पाय घेतला. मागे उरला लागोसचा अलाबा बाजार. टीव्ही, फ्रिज, स्पीकरचा हा अवाढव्य बाजार सिनेमा आणि गाण्यांच्या कॅसेटी-सीड्यांचाही होता. अधिकृत प्रत आणि चोरीची प्रत तिथे एकाच गल्लीतून निघायची. गायकाला पक्कं ठाऊक होतं की सीडीमागे हाती काही लागणार नाही. पण त्याचं नाव उत्तरेतल्या कानोपासून दक्षिणेतल्या पोर्ट हारकोर्टपर्यंत पोचवणारी दुसरी कुठलीच यंत्रणा देशात नव्हती. नाव झालं की लग्नांची, क्लबांची बोलावणी यायची आणि नशीब असेल तर मोबाइल कंपनीची जाहिरात. तेव्हा गाणं फुकट सोडायचं आणि माणसाची किंमत वाढवायची, हे त्या बाजारात शहाणपणाचंच होतं.

केनियात तर कागद करणाऱ्यांनीही काय पाहिलं? तिथे बरीच वर्षं गीतकार-संगीतकारांसाठी एक संस्था होती, निर्मात्यांसाठी दुसरी, गायक-वादकांसाठी तिसरी: एमसीएसके, कॅम्प आणि प्रिस्क. रेडिओ, हॉटेलं, मटाटू यांच्याकडून शुल्क गोळा करून सभासदांना वाटायचं हे त्यांचं काम होतं. २०१७ मध्ये केकोबोने, म्हणजे केनियाच्या कॉपीराइट मंडळाने, एमसीएसकेला परवाना नाकारून दुसऱ्या संस्थेला दिला. पुढे परवाना परत मिळाला, आणि २०१९ मध्ये सभासदांना जी रक्कम वाटली गेली ती सरसकट अडीच हजार शिलिंगांच्या आसपास होती. ज्याचं गाणं दिवसातून दहा वेळा वाजतं त्यालाही तेवढीच आणि ज्याचं वाजतच नाही त्यालाही तेवढीच. नोंदणी कर, फॉर्म भर, कॉपीराइटला मान दे असं तुम्ही त्या मुलाला सांगाल तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हे असतं.

आणि हे त्याच देशात, जिथे २००७ पासून एम-पेसा आहे. भाजीवालीला टोमॅटोचे पैसे मोबाइलवर तिथल्या तिथे मिळतात. पैसे पोचवण्याचं तंत्र केनियाला कुणी शिकवायला नको. अडतं ते अलीकडे: कुणाचं गाणं किती वाजलं हे मोजतो कोण, आणि त्याच्या वहीत नाव कुणाचं आहे. ही वही ज्याच्या हातात, त्याच्याकडे पैसा. तबकडी होती तेव्हाही हेच होतं, कॅसेट, सीडी, कॉलर ट्यून, स्ट्रीमिंग, सगळ्या काळात हेच.

आपल्याकडचं म्हणाल तर २०१२ मध्ये कायदा बदलेपर्यंत हिंदी-मराठी सिनेमाचे गीतकार आणि संगीतकार एकरकमी मानधन घेऊन सगळे हक्क निर्मात्याला किंवा कंपनीला लिहून द्यायचे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला, तेव्हा कुठे सिनेमागृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा सोडून देता येणार नाही अशी तरतूद झाली. त्याआधीच्या सगळ्यांची 'मानसिकता' तशी होती म्हणायची का? आणि तुमच्या ऑर्केस्ट्राने गणपतीत जी गाणी वाजवली, त्यांतल्या किती गाण्यांचा परवाना काढला होता हो? हसून सोडून द्या. पण कानोमधल्या हौसा भाषिक सूफी गायकांबद्दल मला जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आपली भजनी मंडळं आठवली होती. ही मंडळी बंदिरी नावाच्या डफासारख्या वाद्यावर हिंदी सिनेमाच्या चाली घेतात आणि त्यात प्रेषितांच्या स्तुतीचे शब्द बसवतात. मुंबईतल्या कुणा संगीतकाराला याचा पैसा गेला नसणार. तो कुणी मागितलाही नसावा.

तर शेरा मागे घ्या, आणि आता तुमच्याबद्दल बोलू. कारण या सगळ्या गोष्टीत यंत्रामागे बसलेला माणूस तुम्ही आहात.

१९३९ मध्ये जोहान्सबर्गला गॅलो कंपनीच्या स्टुडिओत सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू गायकाने आपल्या साथीदारांबरोबर 'एमबुबे' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. खाली पुरुषांचे खर्जातले आवाज आणि वर लिंडाचा उंच जाणारा आवाज. त्यातली जी सुरावट पुढे जगभर गेली ती त्याने ध्वनिमुद्रण चालू असतानाच सुचेल तशी गायली होती. हक्कांपोटी त्याला दहा शिलिंग मिळाले असं सांगतात. तो त्याच कंपनीच्या गोदामात रेकॉर्ड पाकिटात घालायचं काम करत होता. तबकडी अमेरिकेत पोचली, एका लोकसंगीत गटाने ती चाल घेतली, १९६१ मध्ये तिच्यावर इंग्रजी शब्द चढून ती पहिल्या क्रमांकावर गेली, आणि १९९४ मध्ये डिस्नेच्या सिंहाच्या सिनेमातून घराघरांत. लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच वारला.

त्याच्या मुलींना न्याय मिळाला तो एका जुनाट कायद्यातल्या फटीतून. १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद होती की लेखकाने हयातीत हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परत येतात. म्हणजे लिंडाच्या बाबतीत १९८७ मध्ये. २००० साली रियान मालान या पत्रकाराने हा सगळा माग काढून छापला, २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डिस्नेवर दावा झाला, २००६ मध्ये तडजोड झाली आणि कुटुंबाला पैसे मिळाले. जाता जाता सांगते, आपला १९१४ चा भारतीय कॉपीराइट कायदा हा त्याच १९११ च्या कायद्यावर बेतलेला होता. जुन्या तबकड्यांच्या गायक-संगीतकारांचे वारस आपल्याकडेही आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एखाद्या जाणत्या वकिलाला विचारून ठेवायला हरकत नाही.

या गोष्टीतल्या स्टुडिओवाल्याला राक्षस ठरवायची मला घाई नाही. त्याने त्या काळच्या रीतीने पैसे दिले, पावती घेतली. पूर्व आफ्रिकेतही स्टुडिओ आणि दुकानं पुष्कळदा आपल्याच उपखंडातून गेलेल्या लोकांची होती. चहाच्या मळ्यांच्या केरिचो गावात चंदाराणांचं दुकान आणि लेबल, मोंबासात आसानंद. या दुकानांनी बेंगा, तारब, रुम्बा हे तिथलं संगीत ध्वनिमुद्रित केलं नसतं तर बड्या कंपन्यांनी त्यातलं फारच थोडं केलं असतं. तुमचा तो गिटारचा तुकडाही कदाचित अशाच एखाद्या तबकडीवरचा असेल. पण एकदाच पैसे घेऊन निघून गेलेल्या वादकाच्या घरी त्या तबकडीचा कागद नसायचा. तुमच्या खोलीतून निघून जाणाऱ्या मुलाच्या घरी तो असेल का, एवढंच मी विचारते आहे.

म्हणून 'माझा निम्मा हक्क कागदावर कसा आणू' या प्रश्नाला माझं उत्तर आधी थोडं त्रासदायक आहे: कशाचा निम्मा?

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि संगीत. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. केनियाच्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ज्याने ते होण्याची व्यवस्था केली तो. स्टुडिओ तुमचा, माइक तुमचा, वेळ तुमचा, खर्च तुमचा. तेव्हा वेगळं काही ठरलेलं नसेल तर मास्टरवर तुमचा दावा चांगलाच भक्कम आहे. शब्द आणि गाण्याची चाल मात्र त्या मुलाची. स्टुडिओ फुकट दिला म्हणून त्यातला अंशही तुमच्याकडे येत नाही. तुमचा बीट हा संगीतरचनेचा भाग, म्हणून संगीतात तुमचा वाटा आहे. हिपहॉपच्या धंद्यात बीट एका बाजूला आणि त्यावरचे शब्द-चाल दुसऱ्या बाजूला धरून निम्मं-निम्मं करण्याची रीत आहे, पण ती रीत आहे, कायदा नव्हे. आणि गाणारा म्हणून त्या मुलाचा आणि त्याच्या बहिणीचा गायक-वादकांचा हक्क याहून वेगळा.

ती बहीण. तुमच्या पत्रात तिच्यासाठी एक वाक्य आहे, "सहज गुणगुणला, तो तसाच ठेवला." टिकटॉकवर लोक जे पंधरा सेकंद वापरतायत ते कुठले? मला खात्री आहे, हुकच. तिचं नाव कागदावर सगळ्यात आधी घाला. 'मलाइका' हे स्वाहिली गाणं जगातल्या कितीतरी बड्या गायकांनी गायलं. १९६० च्या सुमारास फदिली विल्यम यांनी ते ध्वनिमुद्रित केलं, पण मूळ गाणं कुणाचं यावर अॅडम सलीम यांच्यासह आणखी नावं पुढे आली, आणि तो वाद आजही कुणी मिटवू शकलेलं नाही. ज्या संध्याकाळी गाणं झालं त्या संध्याकाळी एक चिठ्ठी लिहिली गेली नाही, एवढंच त्याचं कारण.

ती चिठ्ठी म्हणजे स्प्लिट शीट. एक पान पुरतं. गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं ओळखपत्रावरचं नाव आणि त्यापुढे रंगमंचावरचं नाव, फोन, शब्दांत किती टक्के, संगीतात किती, मास्टरमध्ये किती, आणि सगळ्यांच्या सह्या. ओळखपत्रावरच्या नावाचा आग्रह धरा. रंगमंचावरची नावं ही मुलं दर सहा महिन्यांनी बदलतात आणि मग पैसे कुणाचे हे कुणालाच कळत नाही. इंग्रजीत लिहा, पण सही करण्याआधी स्वाहिलीत वाचून दाखवा, आणि तो वाचणारा तुमच्याशिवाय दुसरा कुणी असू दे. आकडे काय ठेवायचे ते तुम्ही तिघं ठरवा. मला विचाराल तर शब्दांतला वाटा मागू नका, संगीतात बीटचा वाटा घ्या, हुकचा हिस्सा बहिणीला द्या, आणि मास्टर तुमच्याकडे ठेवायचं असेल तर त्याच्या कमाईतला ठरलेला भाग त्या दोघांना जाईल असं त्याच कागदात लिहा. मास्टर कायमचं ठेवायचा मोहही टाळता येईल: पाच-सात वर्षं तुमच्याकडे, नंतर त्याच्याकडे. तुम्ही एक शिलिंग घेतला नाहीत हे खरं, पण फुकट स्टुडिओच्या बदल्यात गाण्याचा तुकडा हा व्यवहार त्याला आधी सांगितलेला नव्हता. यापुढे नवीन मुलांना आधीच विचारा: स्टुडिओचं भाडं देणार की वाटा देणार.

आता गिटारचा तुकडा. 'चार-पाच सेकंद तर आहे' हा समज आपल्याकडेही घट्ट बसलाय. अमुक सेकंदांपर्यंत फुकट असा नियम कुठेही नाही. ओळखू येईल असा तुकडा घेतला की दोन परवानग्या लागतात, एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि एक रचनाकाराची. तुकडा स्वतः वाजवून घेतलात तर पहिली टळते, दुसरी टळत नाही. केनियात रचनेचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं आणि ध्वनिमुद्रणाचा पन्नास वर्षं चालतो. सत्तरीतल्या तबकडीचं ध्वनिमुद्रण एखादवेळेस मोकळं झालं असेल, पण वाजवणाऱ्याला जाऊन पन्नास वर्षं झाली नसतील तर रचना अजून त्याच्या घरच्यांची आहे, किंवा ज्याला लिहून दिली असेल त्याची. तबकडीवरच्या लेबलचं नाव आणि क्रमांक टिपून घ्या. बेंगाचं मूळ पश्चिम केनियातल्या लुओ लोकांत आहे. रमोगी एफएमसारख्या लुओ रेडिओवर जुनी गाणी लावणाऱ्या निवेदकांना त्या कुटुंबांचे पत्ते पुष्कळदा माहीत असतात. घरी जा, आधी गाणं ऐकवा, मग वाटा देऊ करा. आत्ता गेलात तर माफक वाट्यावर काम होईल. गाणं परदेशात गेल्यावर तेच कुटुंब वकील घेऊन येईल, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. कॅमेरूनच्या गोल्डन साउंड्स या गटाच्या १९८६ च्या गाण्याची ओळ २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या गाण्यात जगाने ऐकली, तेव्हा मूळ गायकांशी तडजोड करावीच लागली होती. मानू दिबांगो यांच्या १९७२ च्या गाण्यातल्या ओळीवरून मायकल जॅक्सनलाही तेच करावं लागलं.

यूट्यूबवरचा खोटा दावा त्रासदायक आहे, पण हे यातलं सर्वांत सोपं काम आहे. दावा यंत्र लावतं: कुणीतरी कुठल्यातरी डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी ऑनलाइन सेवांवर चढवून देणाऱ्या कंपनीमार्फत, तुमचं गाणं स्वतःचं म्हणून चढवलं, त्याचा ठसा नोंदला गेला आणि यंत्राला तुमचा व्हिडिओ चोरीचा वाटला. यूट्यूबवर हरकत नोंदवा आणि त्याच दिवशी त्या डिस्ट्रिब्युटरला लिहा. कुठला ते दाव्यात दिसतं. पुरावा म्हणून तयार गाणं पाठवून उपयोग नाही, ते चोराकडेही आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमधली मूळ प्रोजेक्ट फाइल, सुटे ट्रॅक, आवाजाचे बिघडलेले टेक आणि त्या दिवसांतले व्हॉट्सअॅप निरोप, हे फक्त तुमच्याकडे असणार. त्याबरोबर केकोबोकडे गाण्याची नोंदणी करून टाका. ती सक्तीची नाही, गाणं तयार झालं त्या क्षणी हक्क मिळालेला असतो; पण भांडणात नोंदणीचा दाखला कामी येतो. मग तुमच्या डिस्ट्रिब्युटरमार्फत गाणं रीतसर चढवा आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा आयएसआरसी क्रमांक जपून ठेवा. क्रमांक नसलेलं गाणं कितीही वाजलं तरी वहीत चढणं कठीण. आणि हे ध्यानात असू द्या की डिस्ट्रिब्युटर तुम्हाला मास्टरचे पैसे आणून देतो. रचनेचे पैसे वेगळ्या वाटेने, संस्थेकडून किंवा पब्लिशरकडून येतात. केनियातल्या संस्थांचे परवाने येतात-जातात, तेव्हा सभासद होण्याआधी या वर्षी परवाना कुणाकडे आहे ते केकोबोकडे विचारा.

उरला तो कॉलर ट्यूनचा कागद. केनियात हा लहानसहान धंदा नाही. सफारीकॉम या मोबाइल कंपनीच्या स्किझा या कॉलर ट्यून सेवेवर किती गायकांची घरं चालतात हे तुम्ही तिथे राहून माझ्यापेक्षा चांगलं पाहिलं असेल. पूर्वी तक्रार अशी होती की मोबाइल कंपनी आणि मध्यस्थ आपापलं घेऊन झाल्यावर गायकाच्या वाटणीला चिमूटभर यायचं. कलाकार वर्षानुवर्षं भांडले आणि २०२२ च्या दुरुस्तीत कायद्यानेच वाटणी ठरवली: कॉलर ट्यूनच्या उत्पन्नातला किमान ५२ टक्के वाटा हक्कदाराचा, मध्यस्थाला साडेआठ, बाकी मोबाइल कंपनीला. आता तो कागद पुन्हा वाचा. मध्यस्थाला कायद्याने साडेआठ टक्के मिळतात. तो आत्ता रोख देऊन कायमचा हक्कदार होऊ पाहतोय, म्हणजे साडेआठ अधिक बावन्न. ज्या मुलाची मानसिकता तुम्हाला खटकते त्याच्याच बिरादरीने लढून मिळवलेला तो ५२ चा आकडा आहे. त्याला तो सांगा. माझा अंदाज आहे की सहीची घाई तिथेच ओसरेल.

त्या कंपनीला उलट प्रस्ताव द्या: परवाना फक्त कॉलर ट्यूनपुरता, फक्त केनियापुरता, दोन वर्षांसाठी, दर तिमाहीला हिशेबाचा तक्ता. रोख रक्कम हवी तर घ्या, पण 'पुढच्या कमाईतून वळती होणारी उचल' असं लिहून. यात अजून एक ओळ घाला, जी काही वर्षांपूर्वीपर्यंत सहसा कुणी घालत नव्हतं: या आवाजावरून यंत्राने (एआयने) नवा आवाज बनवायला किंवा हे ध्वनिमुद्रण यंत्राला शिकवण्यासाठी वापरायला परवानगी नाही. 'आजवर शोधलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत' असे शब्द दिसले तर तिथे पेन फिरवा. ते नाही म्हणाले तर दुसरा मध्यस्थ शोधा. गाणं मटाटूत वाजतंय तोवर विचारणारे येत राहतील.

'पैसे शोमधून येतात' याबद्दल त्याच्याशी वाद घालू नका, फक्त २०२० ची आठवण करून द्या. त्या वर्षी शो बंद होते. दक्षिण आफ्रिकेच्या मास्टर केजी आणि नोमसेबो झिकोडे यांच्या 'जेरुसालेमा'वर अंगोलातल्या एका नृत्यगटाने ताटं हातात धरून नाच केला आणि टाळेबंदीतल्या जगाने तो उचलला. इस्पितळांतल्या परिचारिका, पोलीस, चर्चमधल्या नन, सगळ्यांनी. जाहिरात म्हणून याहून जास्त कुठलं गाणं पसरणार? पुढच्या वर्षी जर्मनीत वॉर्नर कंपनीने तिथल्या पोलिसांच्या व्हिडिओंसाठी परवाना शुल्क मागितलं आणि वसूलही केलं. त्याच वर्षी गाण्यातला आवाज जिचा, ती झिकोडे मात्र जाहीरपणे सांगत होती की मला माझा वाटा मिळालेला नाही. लेबलचं म्हणणं अर्थात वेगळं होतं. नाच फुकटात पसरला, शुल्क मागायला मात्र ज्याच्याकडे कागद होता तोच गेला.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. तुमचं परमिट नोकरीचं असेल, बहुधा क्लास डी. ते ठरावीक मालकाकडच्या कामासाठी असतं. त्यावर न्गारात स्टुडिओ चालवून कमाई करणं चालतं का, हे स्थानिक वकिलाला विचारून घ्या. गाण्याचा पैसा सुरू झाला आणि कुणाशी फाटलं, तर समोरचा सर्वांत आधी हेच काढेल. मी केनियातली वकील नाही, तेव्हा स्प्लिट शीट आणि मध्यस्थाचा कागदही त्याच भेटीत दाखवा. त्या मुलाला आणि बहिणीला बरोबर न्या, त्यांनी वेगळा वकील करायचा म्हटलं तर रुसू नका, आणि या भेटीची फी स्टुडिओच्या खात्यातून द्या. गाण्याच्या कमाईतून ती पुढे वळती करायची नाही, हेही त्या शीटवर एका ओळीत लिहून टाका.